हनुवटीखाली दोन बोटं

हेल्मेटचा पट्टा किती घट्ट असावा, याचा नियम सोपा आहे. पट्टा आणि हनुवटी यांच्यामध्ये दोन बोटं जायला हवीत. तीन गेली तर सैल. एकच गेलं तर घट्ट.

*

मॅगपाय नावाचा काळापांढरा पक्षी माणसांचे चेहरे विसरत नाही.

*

माझं मंगळसूत्र पोटापर्यंत येतं. "एवढं लांब कशाला, ताई?" सोनारानं विचारलं होतं. "असू द्या," मी म्हटलं होतं.

*

संक्रांतीचे तीन दिवस येवल्यात जमिनीवर कोणी नसतं. सगळं गाव घरांच्या धाब्यांवर चढलेलं असतं आणि खाली रस्ते मोकळे पडलेले असतात. सायकल चालवायला वर्षातले सगळ्यात चांगले दिवस.

*

ऑस्ट्रेलियाच्या पार वरच्या टोकाला डार्विन नावाचं शहर आहे. तिथे मोठं माणूस फूटपाथवरून किंवा सायकलींच्या वेगळ्या वाटेवरून उघड्या डोक्यानं गेलं तर कायदा आड येत नाही. बाकी कुठल्याही मोठ्या शहरात येतो.

*

"साळिंदर आलं, साळिंदर!"

नलूमावशी स्वतःच स्वतःची वर्दी देत फाटकातून आत आल्या. इथून पुढे सरळ सांगायचा प्रयत्न करते.

सप्टेंबरातला शनिवार होता. आपल्याकडे तेव्हा गणपती, तिकडे वसंत. कॅनबेरात येऊन आम्हाला थोडेच दिवस झाले होते. नलूमावशी नात्यातल्या नव्हेत. मूळच्या पेणच्या, उभा जन्म तिकडच्या इस्पितळात नर्स म्हणून काढलेल्या, आता निवृत्त. नवरा गेल्यावर घराच्या मागच्या दोन खोल्या त्यांना भाड्यानं द्यायच्या होत्या, आणि मराठी माणसालाच द्यायच्या होत्या. "सकाळी भांडायला आपल्या भाषेतलं कोणी हवं," हे त्यांचं कारण.

त्यांच्या हेल्मेटवर काळ्या, ताठ, वीतभर लांब प्लॅस्टिकच्या काड्या उभ्या होत्या. विजेच्या वायरी बांधायच्या पट्ट्या असतात ना, त्या. चारी बाजूंनी.

"हे काय हो, मावशी?" मकरंदला हसू आवरेना.

"हस, हस. टाळक्यात चोच बसली की कळेल. सिमेंटच्या ओढ्याजवळ त्या मॅगपायचं घरटं आहे. अंडी घातली की बाप्या पिसाळतो. मला ओळखतो मेला! समोरची बाई आजतागायत नावानं ओळखत नाही, हा ओळखतो."

"आणि काट्यांना घाबरतो?"

"काट्यांनी डोक्याला टेकत नाही. बास." मग माझ्याकडे वळून, "काय गं, उज्ज्वला? तोंड का उतरलंय? खोल्या बघायला चाललोय, फासावर नाही."

मी हसले. माझी सायकल बाल्कनीतून खाली आणून ठेवलेली होती. हेल्मेट माझ्या हातात होतं.

*

काय पणाला लागलं होतं ते आधी सांगते.

मकरंद मातीचा माणूस. शेतजमिनीतल्या खारटपणावर त्याचं काम. त्याच्यापुढे दोन नोकऱ्या होत्या: एक कॅनबेरात, कायमची, दुसरी डार्विनला, दोन वर्षांची, पुढचं पुढे. सोमवारी सकाळी उत्तर द्यायचं होतं.

आणि मला गाडी चालवता येत नव्हती, शिकायची इच्छाही नव्हती. सायकल हेच माझे पाय. शाळा सायकलवर, नाशकातलं कॉलेज सायकलवर, पुण्यात लग्न होऊन आले तीही सायकल टेम्पोत घालून. "ही पोर यमाच्या रेड्यालाही म्हणेल, तू हो पुढे, मी सायकलनं येते," असं आई म्हणायची. कॅनबेरा म्हणजे ऐसपैस पसरलेलं गाव. दूध आणायला चालत निघालं तर चहा होईपर्यंत दुपार. सायकल नाही तर मी घरात कोंडलेली. आणि सायकल घ्यायची तर हेल्मेट घालायला हवं, आणि नुसतं घालून चालत नाही, पट्टा लावायला हवा.

पट्टा मला लावता येत नव्हता.

येत नव्हता म्हणजे बक्कल अवघड होतं असं नाही. बोटं तिथवर गेली की श्वास बंद व्हायचा. गळ्याशी काही आलं की कानात एक आवाज सुरू होतो, फडफडीचा, आणि डोळ्यांपुढचं सगळं पांढरं होतं. लहानपणापासून. बंद गळ्याचं स्वेटर नाही, स्कार्फ नाही, चिंचपेटी नाही.

"मग डार्विनला जाऊ," मकरंद म्हणाला होता. "दोन वर्षांनी हाकललं तर बघू. माती काय, सगळीकडे असते. पण एकदा कारण तर सांगशील?"

"गुदमरतं."

"ते कळलं. का गुदमरतं?"

मी कणीक मळत राहिले होते. तो चिडला नाही. चिडायला हवा होता खरं तर. कायमच्या नोकरीवर पाणी सोडायचं, आणि का, तर बायकोला हनुवटीखाली गुदगुल्या होतात.

*

दुकानात. हे त्याआधीचं.

दाढीवाला उंच माणूस माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवतो. "मान थोडी वर," म्हणतो. पट्टा ओढतो, आणि मापासाठी दोन बोटं माझ्या हनुवटीखाली सरकवतो.

मी दुकानाबाहेर. दारातला भोंगा कोकलतोय, कारण बिनपैशाचं हेल्मेट अजून डोक्यावर आहे. मकरंद आत माफी मागतोय. मी फूटपाथवर उकिडवी बसलेय आणि माझे दोन्ही हात माझ्याच गळ्यावर आहेत.

*

रस्त्यावर. हे त्यानंतरचं.

पोलिसातली बाई, वयानं माझ्याएवढीच. "हेल्मेट छान आहे तुमचं," ती म्हणते. "आता पट्टा लावा. पट्टा नाही म्हणजे हेल्मेट नाही, कायद्यानं."

"हो. लावते."

ती थांबून राहते. मी पट्टा हातात धरते. हनुवटीपर्यंत नेते, पुन्हा खाली आणते. ती बघते. तिच्या आवाजातला कोरडेपणा जातो. "ठीक आहात ना?"

"मी चालत जाते," मी म्हणते, आणि सायकल हातात धरून, एकेक पाऊल मोजत घरापर्यंत चालत येते.

त्यानंतर मी एक युक्ती काढली. पट्ट्याची दोन्ही टोकं जबड्यालगत खाली आणून शर्टाच्या कॉलरमध्ये खोचायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, लावलाय.

*

आम्ही निघालो. पुढे नलूमावशी, मध्ये मी, मागे मकरंद.

वाट सुरेख होती, खोटं कशाला बोलू. रस्त्यापासून अलग, दुतर्फा पिवळ्याधमक फुलांची झाडं, मोटारींचा आवाजसुद्धा नाही. मावशी पुढून ओरडून दाखवत होत्या. "हे वाचनालय! हा डॉक्टर! हा चिनी म्हातारा, याच्याकडे मेथी मिळते, पण मेथी म्हणायचं नाही, नुसतं बोट दाखवायचं!" सगळं त्या एका वाटेवर ओवलेलं. या वाटेवर माझा जन्म जाऊ शकला असता.

माझं लक्ष कॉलरीकडे होतं. टोक सुटलं की डाव्या हातानं पुन्हा खोचायचं. मागून मकरंद म्हणाला, "लावलायस?"

"हो."

"खरंच?"

"अरे, हो म्हटलं ना!"

वाट एका रस्त्याखालच्या बोगद्यातून गेली आणि पलीकडे सिमेंटच्या ओढ्याच्या काठानं निघाली. ओढा कसला, पावसाचं पाणी वाहून न्यायला बांधलेला मोठा पाट. आत उतरते उघडे सिमेंटचे उतार, तळाशी वीतभर पाणी. कठडा नाही.

"डोकी सांभाळा!" मावशी ओरडल्या. "मान खाली, थांबायचं नाही, पेडल मारत राहा!"

मला आधी सावली दिसली. वाटेवरून माझ्याकडे सरकत आलेली. मग कानाशी फडफड.

कानात जो आवाज लहानपणापासून होता ना, तोच. पण आता बाहेरून.

टक्, असं काहीतरी हेल्मेटवर आपटलं. मी डोकं झटकलं आणि हेल्मेट गेलं. उडालंच. गवतात जाऊन उलथं पडलं. पक्षी वळला, झाडाला स्पर्श करून परत फिरला, सरळ तोंडावर. मी ब्रेक दाबला. थांबायचं नाही म्हणून सांगितलं होतं आणि मी थांबले, सायकल आडवी करून कवटाळून बसले. कानाच्या पाळीतून काहीतरी गरम ओघळलं.

"उज्ज्वला! खाली बघ! डोळे झाक!" मकरंदनं सायकल टाकली. धावत आला.

आणि त्यानं

*

इथे मी नेहमी थांबते. पुन्हा सांगते.

*

मकरंदनं सायकल टाकली. धावत आला. पक्षी वर फिरत होता. मकरंदनं स्वतःच्या हनुवटीखाली हात घातला, बक्कल सोडलं, स्वतःचं हेल्मेट काढलं आणि माझ्या डोक्यावर घातलं.

"नको," मी म्हटलं.

"गप्प बस."

"नको, मकरंद, तुझं तू"

खट.

बक्कल लागल्याचा आवाज. त्याच्या दोन बोटांची पेरं माझ्या गळ्याला लागली. त्याचं डोकं मोठं, पट्टा सैल, तरी त्यानं तो जाता जाता ओढून घट्ट केला. मग तो उठून उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून, एखाद्या शेतातल्या बुजगावण्यासारखा. उघड्या डोक्यानं. वर टक्कल पडायला लागलं होतं त्याला, ते मला त्या कोनातून पहिल्यांदा दिसलं. आणि शर्टाच्या कॉलरीच्या वर त्याची उघडी मान.

"काढ हे!" मी किंचाळले. "घाल! तुझं तू घाल! मकरंद!"

"अगं, पक्षी आहे, वाघ नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज हसरा होता. ते मला सगळ्यात जास्त आठवतं.

पक्षी आला. मकरंदनं तोंड वाचवायला मान मागे टाकली आणि एक पाऊल मागे घेतलं. मागे वाट नव्हती.

*

पुन्हा सांगते. तो मागे गेला. उतारावरून गेला. आवाज झाला. नारळ फुटल्यासारखा नव्हे, लोक उगाच तसं सांगतात. पोतं टाकल्यासारखा.

*

मी उतारावरून घसरत खाली कशी गेले ते माहीत नाही, गुडघे सोलले होते ते नंतर दिसलं. तो उताणा पडला होता, एक पाय पाण्यात. डोळे मिटलेले. मी त्याची कॉलर फाडली. दोन बोटं त्याच्या हनुवटीखाली घातली. इकडे फिरवली, तिकडे फिरवली. गळा कोरडा होता. पुन्हा फिरवली. कोरडा.

"गळा काय चाचपतेस, अगं?" नलूमावशी वरून बुडावर घसरत येत होत्या, काट्यांसकट. "डोकं बघ! डोकं!"

"गळा ठीक आहे," मी म्हणाले. "मावशी, गळा ठीक आहे."

"सरक बाजूला. त्याचं डोकं हलवू नको. हलवू नको म्हटलं ना!" त्यांनी गुडघे टेकले. कानामागून रक्त येत होतं, सिमेंटवरून पाण्यात चाललं होतं. मावशींचा आवाज एकदम बदलला, वॉर्डातला झाला. "मकरंद. ए मकरंद. डोळे उघड बाळा. माझं नाव काय?"

काही नाही.

"मकरंद! माझं नाव काय?"

वरून तो पक्षी गात होता. त्यांचं गाणं गोड असतं, बासरीत पाणी घातल्यासारखं.

"साळिंदर," मकरंद डोळे न उघडता म्हणाला.

"मेल्या!" मावशी म्हणाल्या, आणि फोन काढून रुग्णवाहिका बोलावली. बोलता बोलता त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तुझ्या डोक्यावर हे त्याचं कसं?"

"त्यानं घातलं."

"आणि तुझं?"

वर काठावरच्या गवतात माझं हेल्मेट उलथं पडलं होतं, पट्ट्याची दोन्ही टोकं मोकळी. मावशींना खालूनही दिसलं. मग म्हणाल्या, "आयुष्यभर फुटलेली डोकी धुतलीत गं मी. तुम्हा लोकांना काय वाटतं, शोभेला असतो पट्टा?"

मी बक्कल काढायला गेले. निघेना. ओढलं, उलटं फिरवलं, नखं मोडली. शेवटी मावशींनी एका हातानं दाबून सोडवलं, दुसरा हात मकरंदच्या कपाळावरून न काढता.

*

येवलं.

मी तिसरीत होते. नाना, म्हणजे माझे वडील, शाळेत चित्रकला शिकवायचे. संक्रांतीच्या सकाळी ते मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून कोटमगावच्या रस्त्यानं आत्याकडे तिळगूळ द्यायला निघाले होते. दोन्ही बाजूंच्या धाब्यांवर गलका. आभाळ पतंगांनी भरलेलं. कुणीतरी कुणाचातरी काटला, आणि काटलेला पतंग तरंगत आमच्या पुढून रस्ता ओलांडून गेला. मी त्याच्याकडे बघत होते. लाल होता. त्याच्यामागून त्याचा मांजा येत होता, पण मांजा दिसत नाही.

सायकलचा वेग कमी झाला. मला वाटलं, नानांना ओळखीचं कुणी भेटलं. मी त्यांची कंबर धरली होती. सायकल हळूहळू कलली, अगदी सावकाश, मला लागू नये अशी. लोक धावत आले. तो पतंग एका विजेच्या खांबाला अडकून फडफडत होता.

नाना तिथेच गेले.

सायकलनं काही केलं नव्हतं. मी पंधरवड्यात पुन्हा सायकलवर बसले. सगळ्यांना आश्चर्य वाटलं होतं.

*

डोक्याला टाके पडले. आतून रक्तस्राव नाही म्हणाले, पण रात्रभर ठेवून घेतो. संध्याकाळी मी पलंगाजवळ बसले होते. नलूमावशी कुठल्याशा ओळखीच्या नर्सला "चहा असा करतात होय?" म्हणून छळायला गेल्या होत्या.

"येवल्याचं होतं ना ते?" मकरंद म्हणाला. मांजाचं त्याला ठाऊक होतं. लग्नाआधीच सांगितलं होतं. "गळ्याचं."

"हं."

"पण मांजा नानांना लागला. तुला कुठे ओरखडासुद्धा आला नव्हता. तूच सांगितलंस."

"हं."

"मग तुझ्या गळ्याला काय झालं होतं?"

मी त्याच्या चादरीची सुरकुती काढली. त्यानं वाट पाहिली. मग डोळे मिटून म्हणाला, "जाऊ दे. डार्विन. सोमवार कशाला, आजच कळवतो. फोन दे."

"नको."

"काय नको?"

"डार्विन नको. इथेच राहू या."

त्यानं डोळे उघडले. "डोकं माझं आपटलंय ना? का तुझं?"

"मकरंद, डार्विनला तू हेल्मेट घातलं असतंस?"

"तू घालणार नाहीस, सक्ती नाही, वर तो उकाडा. मी एकटा कशाला घालू?"

"आणि एक हेल्मेट घरात असतं, आणि कधी वेळ आली असती, तर ते कुणाच्या डोक्यावर घातलं असतंस?"

"हा काय प्रश्न झाला?" तो म्हणाला. "तुझ्या."

"म्हणून."

"म्हणून काय?"

"इथे ज्याचं त्याला घालावंच लागतं," मी म्हणाले. "पट्टा लावून. पोलीस बघतात."

"उज्ज्वला, मला खरंच काही कळत नाहीये."

"नाही कळलं तरी चालेल. झोप."

*

सोमवारी त्यानं कॅनबेराला होकार कळवला. आम्ही मावशींच्या मागच्या खोल्यांत राहायला आलो.

रोज सकाळी अंगणात मावशी मला खुर्चीवर बसवायच्या. नवं हेल्मेट, माझ्या मापाचं. "मान वर कर."

मी करायचे. डोळे मिटायचे.

"कापतेस काय अशी? मी काय खाटीक आहे?"

"बोलू नका ना, मावशी."

"बोलणार. मी गप्प बसले की तू कुठेतरी निघून जातेस. त्या चिन्यानं काल मला पालक म्हणून काय दिलं माहितीये?"

खट.

पहिल्या दिवशी मी लगेच ओरबाडून काढलं. मग कधीतरी चहाला आधण येईपर्यंत राहिलं. मग कपबशा विसळून होईपर्यंत. एका सकाळी मावशींनी पट्ट्यात दोन बोटं घालून पाहिली, "बरोब्बर," म्हणाल्या, आणि मी त्यांचं मनगट धरून ठेवलं. बराच वेळ सोडलं नाही. त्यांनीही ओढून घेतलं नाही. मग मी फाटकातून बाहेर पडले आणि ओढ्याच्या काठानं न जाता लांबचा वळसा घेऊन, मेथीपर्यंत जाऊन आले. घरी आले तेव्हा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. दार उघडून मकरंद म्हणाला, "काय आणलंस?"

"मेथी," मी म्हणाले, आणि पायरीवरच बसले.

याला खूप वर्षं झाली. मावशी आता नाहीत. आम्ही तिथेच आहोत, आता त्याच घराच्या पुढच्या भागात. तो पक्षी, किंवा त्याचा मुलगा, मला ओळखतो. माझ्या हेल्मेटवर मावशींच्या काड्या आहेत. भीती गेली असं मी म्हणणार नाही. गेली नाही. रोज सकाळी हनुवटीखाली खट होतं आणि रोज कानात तो पतंग फडफडतो. मग मी मकरंदच्या पट्ट्यात दोन बोटं घालून बघते, तो "झालं का, साहेब?" म्हणतो, आणि त्याचं त्याच्या डोक्यावर, माझं माझ्या डोक्यावर, असे आम्ही निघतो. तो नेहमी माझ्या पुढे. मागे मी राहू देत नाही त्याला. मला त्याची मान दिसायला हवी असते.

*

त्या संक्रांतीला सकाळी घरातून निघताना थंडी फार होती, म्हणून नानांनी आपल्या गळ्यातला लोकरी मफलर काढून माझ्या गळ्याभोवती गुंडाळला, हनुवटीखाली गाठ मारली, आणि ती घट्ट तर नाही ना, हे दोन बोटं आत घालून पाहिलं.